मधमाश्यांचे संशोधन : आधी कोणता प्रश्न?

शाळेत मधमाशी साधारणपणे दोन ठिकाणी भेटते. विज्ञानाच्या पुस्तकात राणी, नर आणि कामकरी असे तिचे तीन प्रकार येतात, आणि निबंधाच्या वहीत ती उद्योगीपणाचे उदाहरण म्हणून येते. मधमाश्या पाळणे हा आपल्या देशात हजारो कुटुंबांचा जोडधंदा आहे आणि त्याला विज्ञानाचा आधार लागतो, ही गोष्ट मात्र सहसा राहून जाते.

हा आधार कोणत्या प्रकारचा असावा? समजा, मधमाश्यांवरील संशोधनासाठी थोडे पैसे आणि मूठभर शास्त्रज्ञ तुमच्या हाती दिले. त्यांना कोणते काम आधी सांगाल? जास्त मध देणारी माशी शोधायचे? चांगली पेटी बनवायचे? रोगांचा अभ्यास करायचे? कोणत्या फुलांवर माश्या जगतात ते पाहायचे? की माश्यांमुळे पिकांचे उत्पन्न किती वाढते ते मोजायचे? यातला एकही प्रश्न फालतू नाही. पण सगळे एकदम हाती घेता येत नाहीत. जो प्रश्न आधी घेतला जातो त्याचे उत्तर आधी मिळते, आणि धंदा त्या उत्तराच्या दिशेने वाढतो. मागे ठेवलेला प्रश्न पुसला जात नाही. तो पुढे कधीतरी संकट बनून दारात उभा राहतो. भारतातील मधमाशी-संशोधनाचा इतिहास याच दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

पाळण्याजोगी माशी

आपल्याकडे मध गोळा करणाऱ्या माश्यांच्या मुख्य जाती कोणत्या, ते आधी पाहू. उंच झाडावर, कड्यावर किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठे पोळे लटकवणारी ती आग्या माशी. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे बांधणारी ती फुलोरी. या दोघी उजेडात, उघड्यावर राहतात आणि एकच पोळे बांधतात. तिसरी सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत किंवा वारुळात, म्हणजे अंधारात राहते आणि एकाला एक समांतर अशी अनेक पोळी बांधते. याखेरीज डंख नसलेल्या चिमुकल्या माश्याही आहेत, पण त्यांचा मध फार थोडा असतो.

अंधारात अनेक पोळी बांधण्याची सवय असल्यामुळे सातेरीला लाकडी पेटीत ठेवता येते. पेटी ही तिच्या दृष्टीने एक ढोलीच. आग्या माशी मध भरपूर देते, पण पेटीत राहत नाही. तिला माणसाने दिलेल्या चौकटीवर बसवण्याचे प्रयोग पुण्यात झाले होते आणि सी. व्ही. ठकार यांनी त्यांची माहिती १९७३ साली प्रसिद्ध केली होती. तरीही आग्याचा मध आजही मुख्यतः जंगलातूनच गोळा केला जातो. तेव्हा भारतात मधमाशीपालन म्हणजे दीर्घकाळपर्यंत सातेरीचे पालन असेच होते.

पेटी कोणाच्या मापाची?

मधमाशीपालनाला आधुनिक रूप आले ते एका मापामुळे. अमेरिकेतील धर्मोपदेशक लँगस्ट्रॉथ यांना १८५१ साली असे आढळले की, दोन पोळ्यांमध्ये किंवा पोळे आणि पेटीची भिंत यांमध्ये साधारण ९ मिलिमीटर मोकळी जागा ठेवली, तर माश्या ती तशीच मोकळी ठेवतात. जागा याहून कमी असेल तर त्या ती राळेसारख्या चिकट पदार्थाने बुजवतात, जास्त असेल तर तेथे आणखी पोळे बांधतात. हे अंतर सांभाळून लाकडी चौकटी टांगल्या, की प्रत्येक पोळे सुटे बाहेर काढता येते. पिल्लांना धक्का न लावता मधाचे पोळे काढून यंत्रात फिरवायचे, मध वेगळा करायचा आणि रिकामे पोळे परत ठेवायचे. माश्या मारून, पोळे पिळून मध काढण्याची गरज उरली नाही.

ही पेटी भारतात आणण्याचे प्रयत्न १८८० नंतर सुरू झाले. तार खात्यातील जॉन डग्लस यांनी १८८४ साली भारतातील मधमाशीपालनावर एक पुस्तिकाही लिहिली. पण सुरुवातीचे हे प्रयत्न फारसे रुजले नाहीत. त्याचे एक कारण समजायला सोपे आहे. लँगस्ट्रॉथची पेटी युरोपीय माशीच्या अंगाने बेतलेली. सातेरी तिच्याहून लहान, तिची वसाहत लहान, पोळ्यातली घरे लहान आणि दोन पोळ्यांमधली मोकळी जागाही कमी. मोठ्या पेटीत ती घालणे म्हणजे लहान मुलाला बापाचा सदरा घालण्यासारखे झाले. पेटीचा मोठा भाग रिकामा राही, वसाहतीला आपली ऊब टिकवता येत नसे आणि माश्या घर सोडून निघून जात.

यावरचा उपाय तिरुचिरापल्लीतील जेझुइट पंथाचे पाद्री न्यूटन यांनी शोधला. १९१०-११ च्या सुमारास त्यांनी सातेरीच्या मापाची छोटी पेटी बनवली. तिची चौकट लँगस्ट्रॉथच्या चौकटीच्या निम्म्याहूनही लहान होती. त्यांनी आसपासच्या लोकांना शिकवायलाही सुरुवात केली. ‘न्यूटन पेटी’ दक्षिणेत पसरली ती त्यामुळे. वरवर पाहता ही सुतारकामाची गोष्ट वाटते, पण त्यामागे एक शास्त्रीय पाऊल आहे. तोपर्यंतचा प्रश्न होता, ‘ही पेटी भारतात कशी चालवावी?’ न्यूटन यांनी तो बदलून ‘येथील माशीचे माप काय?’ असा केला. प्रश्न बदलल्याबरोबर उत्तर सापडले.

पुढे १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने मधमाशीपालन हा कुटिरोद्योग म्हणून वाढवण्याजोगा आहे असे मत दिले. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि खेड्यातल्या माणसाला थोड्या भांडवलात करता येईल असा धंदा म्हणून मधपेटीकडे पाहिले जाऊ लागले. १९३९ साली मधमाश्यांना वाहिलेले ‘इंडियन बी जर्नल’ निघाले. दक्षिणेत मार्तंडम येथे वाय.एम.सी.ए.च्या ग्रामकेंद्राने १९२४ पासून हे काम आरंभले होते आणि तेथे सातेरीच्या पेट्या घरोघर पोहोचल्या. शास्त्रज्ञांच्या आधी शिक्षक, धर्मोपदेशक आणि ग्रामसेवक यांनी हा धंदा उभा केला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

महाबळेश्वर : कोणत्या फुलाचा मध?

महाराष्ट्रात या कामाचे केंद्र महाबळेश्वर बनले. येथे जंगल आहे, फुले आहेत आणि ढोल्यांतून सातेरी आहे. पण वर्षातले चार महिने धो धो पाऊस पडतो. त्या काळात माशीला बाहेर जाता येत नाही, गेली तरी मधुरस मिळत नाही. साठवलेला सगळा मध आपण काढून घेतला असेल, तर वसाहत पावसाळ्यात उपाशी मरते. म्हणून येथील मधपाळाला पेटीइतकीच आणखी एका गोष्टीची माहिती हवी होती : कोणते झाड केव्हा फुलते, आणि त्यापासून मध मिळतो, नुसता पराग मिळतो, की दोन्ही?

या प्रश्नाचे उत्तर नुसते झाडाखाली उभे राहून मिळत नाही. माशी फुलावर बसली म्हणजे तिने मध आणलाच असे नाही. खात्रीची साक्ष मधातच असते. मधुरस गोळा करताना त्यात फुलाचे परागकण मिसळतात. परागकणांचे आकार, त्यांच्या कवचावरची नक्षी आणि छिद्रे वनस्पतीगणिक निराळी असतात. मध कोमट पाण्यात पातळ करून गाळ खाली बसू दिला आणि त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की माश्या कोठकोठे गेल्या होत्या त्याची यादीच समोर येते. यासाठी आधी प्रत्येक वनस्पतीचा परागकण ओळखता यायला हवा. हे काम डॉ. जी. बी. देवडीकर आणि ठकार यांनी केले. महाबळेश्वरच्या डोंगरातील प्रमुख मधवनस्पतींच्या परागकणांवरचा त्यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला.

जांभूळ, हिरडा, गेळा ही झाडे आणि कित्येक वर्षांनी एकदाच सगळा डोंगर फुलवणारी कारवी, यांच्याभोवती सह्याद्रीतला मधपाळ आपले वर्ष आखतो. अशा अभ्यासातून ‘फुलोऱ्याची दिनदर्शिका’ तयार होते. ती हाती असली की मध कधी काढायचा, किती ठेवायचा आणि पेट्या कोठे हलवायच्या हे ठरवता येते. जंगलातले कोणते झाड तोडल्याने मधाचा हंगाम बुडेल, हेही तिच्यावरून कळते. संशोधनाचा हा विषय दिसायला साधा, पण सगळा धंदा त्याच्यावर उभा असतो.

१९६२ : दोन वाटा

स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि १९५७ पासून खादी व ग्रामोद्योग आयोग यांनी मधमाशीपालनाची जबाबदारी घेतली. १९६२ साली आयोगाने पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू केली. देवडीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे भारतीय माश्यांची घरटी, त्यांचे पराग आणि मधाचे स्रोत, मधाचे रसायन, परागीभवन अशा अनेक बाजूंनी काम केले. कामाचा मध्यबिंदू होता सातेरी.

त्याच सुमारास उत्तरेत दुसरी वाट निघाली. सातेरीचे तीन दोष मधपाळांना सलत होते. ती मध थोडा देते; वर्षाला पाच-सात किलो मिळाले तरी समाधान मानावे लागते. तिच्या वसाहतीतून थवे वारंवार फुटतात. आणि अन्न कमी झाले, मुंग्या किंवा मेणकिड्यांचा त्रास झाला, की सगळी वसाहत पेटी सोडून जाते. युरोपीय माशीत हे दोष कमी आहेत. मग तीच का आणू नये? याआधीचे प्रयत्न फसले होते. पंजाब कृषी विद्यापीठातील ए. एस. अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ ते १९६४ या काळात कांगडा खोऱ्यातील नगरोटा बगवान येथे ते साधून दाखवले. हा भाग आता हिमाचल प्रदेशात आहे.

त्यांची युक्ती वर्गात सांगण्यासारखी आहे. परदेशातून पूर्ण वसाहत आणण्याऐवजी त्यांनी इटालियन जातीच्या राण्या आणल्या. सातेरीच्या वसाहतीतून तिची राणी काढून घेतली आणि तेथे ही परकी राणी हळूहळू, काळजीपूर्वक वसवली. तिने घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना सातेरीच्या कामकरी माश्यांनीच भरवले. हंगामात कामकरी माशीचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते. जुन्या माश्या मरत गेल्या, नव्या जन्मत गेल्या आणि दोन-तीन महिन्यांत त्याच पेटीत संपूर्ण वसाहत इटालियन माश्यांची झाली.

पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, बिहार आणि राजस्थानच्या सपाट प्रदेशात ही माशी चांगली रुजली. मोहरीची शेते, निलगिरीची लागवड, सूर्यफूल, लिची अशा मैलोन् मैल पसरलेल्या फुलोऱ्याचा तिला उपयोग होतो. पेट्या मालमोटारीत भरून एका फुलोऱ्याकडून दुसऱ्याकडे न्यायच्या, असा मोठ्या भांडवलाचा धंदा त्यातून उभा राहिला. देशाचे मधाचे उत्पादन वाढले आणि निर्यातही वाढली, ती मुख्यतः या माशीमुळे.

दोन्ही वाटा शास्त्रीयच होत्या. फरक पहिल्या प्रश्नाचा होता. एका ठिकाणी विचारले गेले, ‘आहे ती माशी आपल्या परिसरात कशी जगते?’ दुसऱ्या ठिकाणी विचारले गेले, ‘जास्त मध कोण देईल?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर किलोमध्ये मोजता येते, त्यामुळे ते लवकर पटते. पण सह्याद्रीच्या पावसात, तुरळक फुलोऱ्यात, एक-दोन पेट्या परसात ठेवणाऱ्या कुटुंबाला इटालियन माशीचा फारसा उपयोग नसतो. तिला भरपूर खाद्य लागते आणि दुष्काळाच्या महिन्यांत साखरेचा पाक पाजावा लागतो. हा खर्च सातेरीला कमी पडतो.

उशिरा विचारलेला प्रश्न

दोन्ही वाटांवर एक प्रश्न मागेच राहिला : माशी आजारी पडली तर?

माश्यांच्या रोगांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष नव्हते असे नाही. पुण्यातील संशोधकांनी १९७१ साली सातेरीतील एका जिवाणुजन्य रोगाची नोंद प्रसिद्ध केली होती. पण गावोगावच्या पेट्या नियमितपणे तपासणारी, आजारी वसाहत वेगळी काढणारी आणि पेट्यांच्या वाहतुकीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा उभी राहिली नव्हती. नोंद करणे आणि पहारा ठेवणे यांत अंतर असते.

१९७६ साली थायलंडमध्ये सातेरीच्या जातीच्या माश्यांत एक विषाणुजन्य रोग दिसला. ‘थाई सॅकब्रूड’ या नावाने तो ओळखला जातो. या रोगात अळी कोषावस्थेत जाण्याआधीच मरते. तिच्या कातडीखाली द्रव साठतो आणि ती पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते. घरात ती डोके वर करून ताठ पडलेली दिसते. मेलेल्या अळ्या साफ करणाऱ्या कामकरी माश्यांच्या शरीरात विषाणू जातो, पण त्या वरून निरोगीच दिसतात. पुढच्या अळ्यांना भरवताना तो पसरतो. वसाहतीत नव्या माश्यांची भर पडत नाही आणि काही आठवड्यांत ती ओस पडते. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत, त्यामुळे औषध नाही.

१९७८ च्या सुमारास हा रोग ईशान्य भारतात दिसला आणि पुढे हिमालयाच्या पायथ्याने पसरत गेला. दक्षिण भारतात तो पोहोचला १९९१-९२ मध्ये. म्हणजे मध्ये जवळजवळ तेरा वर्षे गेली होती. केरळ, तामिळनाडू आणि कर्नाटक या राज्यांत सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक वसाहती या साथीत नष्ट झाल्या. कन्याकुमारी आणि केरळातील रबराच्या मळ्यांत एक वैशिष्ट्यपूर्ण धंदा बहरला होता. रबराला नवी पालवी फुटते तेव्हा पानांच्या देठाजवळच्या ग्रंथींतून गोड रस पाझरतो आणि माश्या त्याचा मध करतात. मार्तंडमच्या परिसरात दोन पिढ्यांनी उभे केलेले हे काम दोन हंगामांत कोसळले. ज्यांच्याकडे पन्नास पेट्या होत्या, त्यांच्याकडे रिकामी लाकडे उरली.

त्यातून काय वाचले? काही थोड्या वसाहती तगल्या. त्यांच्यात रोगाला तोंड देण्याची काही नैसर्गिक क्षमता असावी. त्यांच्यापासून पुन्हा पैदास करून अनेक मधपाळांनी सातेरी परत उभी केली. म्हणजे औषध प्रयोगशाळेत नव्हते, ते माशीच्या विविधतेत होते. डोंगरातली आणि मैदानातली, दक्षिणेतली आणि उत्तरेतली सातेरी एकसारखी नाही. हा वेगळेपणा मोजून, जपून ठेवणे हे साथ येण्याआधी करायचे काम आहे. साथीनंतर ते करायला माश्याच शिल्लक नसतात.

परकी माशी आणण्याच्या वाटेवरही हाच धडा मिळाला. व्हॅरोआ नावाचा कोळीवर्गातील परजीवी जीव मूळचा सातेरीच्या जातीचा. तिच्यात तो मुख्यतः नर माश्यांच्या घरांतच वाढतो, कामकरी माश्या त्याला अंगावरून काढूनही टाकतात. हजारो वर्षांच्या सहवासात दोघांचे एक प्रकारचे गणित जमले आहे. युरोपीय माशी आशियात आणल्यावर दोन जाती शेजारी आल्या आणि व्हॅरोआने उडी मारली. युरोपीय माशीत तो कामकरी माश्यांच्या घरांतही वाढतो आणि विषाणूही पसरवतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो युरोप-अमेरिकेत पसरला. ऑस्ट्रेलियाने बंदरांजवळ पहाऱ्याच्या पेट्या ठेवून त्याला दीर्घकाळ दूर ठेवले. तेथे तो सापडला जून २०२२ मध्ये, न्यूकॅसल बंदराजवळच्या अशाच पेट्यांत. पहाऱ्याने रोग कायमचा टळला नाही, पण जगातल्या बहुतेक देशांपेक्षा त्यांना कित्येक वर्षे अधिक मिळाली.

मध मोजायचा की बी?

आणखी एक प्रश्न मागे राहिला होता, आणि तो कदाचित सर्वांत मोठा आहे. माशीचे मोल कशात मोजायचे?

कांद्याचे उदाहरण घेऊ. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याच्या गेंदात शेकडो लहान फुले असतात. प्रत्येक फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसराचे टोक नंतर पक्व होते. त्यामुळे फूल स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही, दुसऱ्या फुलावरून पराग यावा लागतो, आणि तो आणते माशी. काकडी-भोपळ्यात नरफूल आणि मादीफूल वेगळेच. सूर्यफूल, कारळा, मोहरी, सफरचंद, लिची यांनाही कीटकांच्या फेऱ्यांचा मोठा फायदा होतो. हिमाचल प्रदेशात सफरचंदाचे बागाईतदार फुलोऱ्याच्या काळात मधपेट्या भाड्याने आणतात. तेथे माशीची किंमत फळांच्या वजनात मोजली जाते, मध ही वरकड कमाई.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. देवडीकर आणि सूर्यनारायण यांनी १९७७ मध्येच भारतातील शेतीचे उत्पादन वाढवण्यासाठी परागीभवनाचा उपयोग या विषयावर विस्ताराने लिहिले होते. १९८०-८१ साली मधमाश्यांवरचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला; पुढे त्याच्या नावात ‘परागीभवन करणारे कीटक’ हे शब्दही आले. परंतु हिशेबाच्या वहीत बराच काळ पेट्यांची संख्या आणि मधाचे टन हेच दोन रकाने राहिले. माशीमुळे शेजारच्या शेतात वाढलेले पीक मधपाळाच्या खात्यात जमा होत नाही. त्याच शेतावर फुलोऱ्यात, ऐन सकाळी कीटकनाशक फवारले आणि माश्या मेल्या, तर ते नुकसान मात्र त्याच्याच खात्यात पडते.

केवळ मध मोजण्याचा दुसरा परिणामही दिसला. माश्यांच्या रोगांवर प्रतिजैविके वापरली की त्यांचे अवशेष मधात उतरतात. औषधांच्या अवशेषांवरची देखरेख अपुरी असल्याच्या कारणाने युरोपीय संघाने २०१० साली भारतीय मधाची आयात थांबवली. ती पुन्हा सुरू व्हायला २०११ ची अखेर उजाडली. टनांमागे धावताना रोगाचा प्रश्न मागे राहिला, आणि तो अखेर टनांनाच येऊन अडला.

आजची यादी

२०१९ साली पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या समितीने मधमाशीपालनाच्या विकासावर अहवाल दिला. २०२० नंतर राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद झाली. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पैसा आणि लक्ष दोन्ही या विषयाकडे वळले आहे. म्हणूनच आधी कोणता प्रश्न, हे विचारण्याची ही वेळ आहे.

इतिहास पाहता क्रम साधारण असा लागतो. पहिला, रोगांवरचा पहारा : पेट्यांची नियमित तपासणी, आजारी भागातून वसाहती हलवण्यास बंदी, आणि मधपाळाला लक्षणे ओळखायला शिकवणे. दुसरा, स्थानिक माशीची निवड व पैदास, त्या त्या भागातल्या तगून राहिलेल्या वसाहतींतून. तिसरा, फुलोरा : जंगल, बांध आणि पिके यांची दिनदर्शिका, आणि कीटकनाशकांचा माश्यांवर होणारा परिणाम. चौथा, परागीभवनाचे मोजमाप, पीकवार आणि भागवार. मधाचे उत्पादन वाढवणे यांच्यानंतर येते. ते बिनमहत्त्वाचे आहे म्हणून नव्हे. पहिली चार कामे झाली तर ते बऱ्याच अंशी आपोआप होते आणि न झाली तर टिकत नाही.

या क्रमाला आक्षेप घेता येईल. ज्याने कर्ज काढून पेट्या घेतल्या, त्याला या हंगामाचा मध हवा असतो. फुलोऱ्याच्या नकाशाने त्याचा हप्ता फिटत नाही. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच पहाऱ्याचे आणि नोंदीचे काम एकट्या मधपाळावर टाकून चालणार नाही. ज्याचा लाभ सर्वांना होतो, त्या संशोधनाचा भार सर्वांनी उचलायला हवा.

शाळेत काय करता येईल?

या यादीतील दोन कामे शाळेच्या आवाक्यातली आहेत.

पहिले, परागीभवनाचा प्रयोग. शाळेच्या बागेत काकडीचे किंवा लाल भोपळ्याचे वेल लावा. उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी दहा मादीफुलांच्या कळ्यांवर विरळ सुती कापडाच्या पिशव्या बांधा. दहा फुले मोकळी ठेवा. आणखी दहा पिशवीतल्या फुलांना सकाळी मुलांनी नरफुलाचा पराग स्वतः लावावा आणि पिशवी पुन्हा बांधावी. फुले कोमेजल्यावर सर्व पिशव्या काढा आणि किती फळे धरली, त्यांचे वजन किती, बिया किती हे मोजा. माशीचे मोल मुलांना आकड्यांत दिसेल.

दुसरे, फुलोऱ्याची नोंदवही. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत, म्हणजे साधारण सातेरीच्या फेरीच्या अंतरात, कोणते झाड कोणत्या तारखेला फुलले, त्यावर कोणते कीटक आले आणि फुलोरा केव्हा संपला, हे आठवड्यातून एकदा लिहावे. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर त्या फुलांचे परागकण पाहून चित्रे काढावीत, आणि गावातला मध मिळाल्यास त्याच्या गाळाशी ती ताडून पाहावीत. १९५३ साली महाबळेश्वरला झालेल्या कामाची ही छोटी आवृत्तीच होय. एका वर्षाच्या वहीला फार अर्थ नसतो. पण एकाच शाळेने दहा वर्षे अशी वही ठेवली, तर गावातली फुले मागेपुढे सरकली का, कोणते झाड कमी झाले, माश्या कोणत्या महिन्यात उपाशी राहतात, हे सांगणारी माहिती तयार होईल. अशी माहिती आज फार थोड्या गावांकडे आहे.

मात्र पोळ्याजवळ मुलांना नेऊ नये. आग्या माशीच्या पोळ्यापासून तर दूरच राहावे. निरीक्षण फुलावर करावे. फुलावर कामात गुंतलेली माशी सहसा कोणाच्या वाटेला जात नाही.